चाकाची कैफियत

मोटारीच्या चाकाचे बेअरिंग हे असे अंग आहे की, ते सुस्थितीत असताना त्याचे अस्तित्व कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि ते बिघडू लागले म्हणजे पुष्कळ दिवस त्याची तक्रार भलत्याच अवयवाच्या नावे नोंदली जाते. टायर बदलले जातात, गिअरबॉक्सचे तेल बदलले जाते, दरवाज्यांची रबरे दाबून पाहिली जातात, आणि आवाज होता तसाच राहतो. महसूल खात्याच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे लोकांच्या कैफियती लिहून घेण्यात गेली. सुट्टीचे दिवस, आणि निवृत्तीनंतर तर जवळजवळ सारा रिकामा वेळ, कोल्हापुरातील आमच्या घराच्या अंगणात जुन्या मोटारींची चाके उतरवण्यात गेला. या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मला फार काळ वाटले नव्हते. आता मात्र माझे असे निश्चित मत झाले आहे की, बेअरिंग बदलण्याचे काम प्रथम चौकशीचे, मग निर्णयाचे, आणि अंगबळाचे सर्वांत शेवटी असते. आणि ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांच्या गाड्या काही महिन्यांत तोच आवाज करीत परत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

या विषयाशी माझी पहिली ओळख सरकारी जीपने करून दिली. गगनबावडा आणि राधानगरी या तालुक्यांतील पावसाळी फिरती म्हणजे रस्त्यापेक्षा ओढ्यांतूनच अधिक प्रवास, असा तो काळ होता. जीपची पुढची चाके दिवसातून कित्येकदा पाण्यात बुडत, आणि पावसाळा सरता सरता त्यांच्या बेअरिंगांतले ग्रीस ताकासारखे पांढरे होऊन जाई. आमच्या कचेरीचे ड्रायव्हर वयाने वडील आणि अक्षरशत्रू होते. परंतु त्या पांढऱ्या ग्रीसचा नुसता वास घेऊन, पाणी सीलमधून शिरले की टोपणातून, याविषयी ते जो अभिप्राय देत, तो चाक उघडल्यावर बहुधा खरा ठरे. जीपच्या त्या हबमध्ये तिरप्या रोलरांची दोन बेअरिंगे समोरासमोर बसवलेली असतात. त्यांचा नट चाक फिरवीत फिरवीत जड लागेपर्यंत आवळायचा, मग साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, चाक मोकळे फिरते पण डुलत नाही अशी खात्री करून घ्यायची, आणि मग वायसर व दुसरा नट लावून पहिल्याला जागच्या जागी जखडून टाकायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकदा रोलरांची जुनी रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ते कडे, हबमधून काढताना मी उत्साहाने हातोडा पुढे केला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हातोडा कुनीबी मारतंय. मार कुठं जातोय ते बघा."

पुढे आमच्या घरी मारुती 800 आली, तीही दुसऱ्याने वापरलेली. डिसेंबर 1983 मध्ये गुरगावच्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात तिने जी जागा मिळवली, तिच्यामुळेच आजही आमच्या पेठेत तिचे कितीतरी नमुने नांदत आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत त्यांचाच भरणा अधिक असतो. ही गाडी हलकी, तिची चाके बारा इंची, तिची रचना साधी. घरच्या अंगणात, मोजक्या हत्यारांनिशी, धीर धरणाऱ्या माणसाला तिची मागची बेअरिंगे बदलता येतात.

आवाज ओळखण्याचे काम सर्वांत अवघड, म्हणून त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. बिघडत चाललेल्या बेअरिंगचा आवाज प्रारंभी घोंगावण्याचा असतो. ताशी चाळीसच्या सुमारास तो उमटतो, वेगाबरोबर चढतो, आणि शेवटी शेवटी घरघरीला लागतो. गाडी न्यूट्रलवर टाकून उतारावरून सोडावी: आवाज तसाच राहिला तर इंजिनावरचा संशय दूर होतो. मग डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जावे: टायरचा आवाज रस्ता बदलताच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी डावीकडे व उजवीकडे वळवून पाहावी, कारण डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवे बेअरिंग, आणि उजव्या वळणात वाढला तर डावे, असा बहुधा निष्कर्ष निघतो. बहुधा हा शब्द मी बुद्ध्या वापरीत आहे, कारण पत्र्याच्या पोकळ पेटीत आवाज कोठून कोठे जाईल याचा नेम नसतो.

शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी या आवाजापायी चारही टायर नवे घातले होते. गॅरेजमधून त्यांना तसाच सल्ला मिळाला होता. आवाज यत्किंचितही कमी झाला नाही, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या शेजारी बसून शिरोलीपर्यंत गेलो, आणि परत येताना डावीकडच्या प्रत्येक वळणावर तो आवाज वर उठताना त्यांनाच ऐकू आला. त्याउलट एक गृहस्थ बेअरिंग विकत घेऊनच दारात उभे राहिले होते. त्यांच्या टायरांच्या कडा करवतीच्या दात्यांप्रमाणे झिजल्या होत्या, आणि बेअरिंगे निर्दोष होती. मी त्यांना ते बेअरिंग परत करावयास सांगितले. त्यांना ते आवडले नाही. पण चांगले बेअरिंग उगाच उपटून काढणे हे मी अपकृत्य समजतो.

रस्त्यावरची चौकशी संपली की गाडी उचलावी. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चेसिसखाली घोडी लावल्यावाचून कोणीही गाडीखाली हात घालू नये. मागचे चाक उतरवायचे तर हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना पुढून-मागून भक्कम ठोकळे लावावेत. उचललेले चाक वरून व खालून धरून हलवावे. तेथे डुगडुग जाणवली तर संशय बेअरिंगवर. पुढच्या चाकाला फक्त डावी-उजवी बाजू धरल्यावरच ती जाणवत असेल, तर स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. परंतु खरी साक्ष स्प्रिंग देते. एका हाताने चाक फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे स्प्रिंगच्या वेटोळ्यावर हलकेच टेकवावीत. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना बोटांना काहीच कळत नाही. खराब बेअरिंगचे चाक फिरताना बारीक खरखर बोटांत शिरते, आणि कानाला जे अद्याप ऐकू आलेले नसते, ते कातडीला आधी समजते. या परीक्षेसाठी मी कोणाला घाई करू देत नाही. अंगणातला रेडिओही त्या वेळी बंद असतो.

मारुतीच्या मागच्या चाकाची मांडणी अशी: ब्रेकच्या ड्रममध्येच दोन बॉल बेअरिंगे बसवलेली असतात, त्यांच्या मध्ये एक पोकळ नळीचा स्पेसर असतो, आणि हे सर्व मिळून एका स्थिर खुंटावर फिरते. टोपण काढले की खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन दिसते. पिन पकडीने सरळ करून काढावी व फेकून द्यावी. जुनी पिन पुन्हा वाकवून घालणे ही काटकसर नव्हे. झिजलेल्या ड्रमच्या कडेला ओठ आलेला असतो व ब्रेकचे शू त्यात अडकतात, म्हणून हँडब्रेकची केबल सैल करून, गरज पडल्यास पुलर लावून ड्रम ओढावा. आत साठलेली लायनरची धूळ फुंकून उडवण्याची सवय अनेकांना आहे; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ छातीत गेली तर परत येत नाही. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

ड्रम लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून आतला स्पेसर किंचित बाजूला सरकवला, की खालच्या बेअरिंगच्या आतल्या रेसची कडा चंद्रकोरीएवढी उघडी पडते. त्या कडेवर पितळी दांडा टेकवून, एकदा या अंगाला आणि एकदा समोरच्या अंगाला, असे हलके ठोके देत बेअरिंग बाहेर काढायचे असते. हा ठोका आतल्या रेसवर पडतो, आणि बाहेरची रेस ड्रममध्ये घट्ट असते. म्हणजे साऱ्या आघाताची वाट छर्र्यांमधून जाते. निरोप द्यायच्या बेअरिंगला ही शिक्षा चालते. नव्याला ती एकदाही चालत नाही, कारण रेसच्या आरशासारख्या गुळगुळीत पन्हळीवर छर्र्यांच्या आकाराचे अतिसूक्ष्म खळगे पडतात, जे डोळ्यांना दिसतीलच असे नाही; आणि गाडी रस्त्यावर आल्यावर त्याच खळग्यांपासून पोपडे निघू लागतात. जे बेअरिंग घरात, म्हणजे बसण्याच्या पोकळीत, घट्ट बसते ते बाहेरच्या रेसवर दाबून बसवावे, आणि जे दांड्यावर घट्ट बसते ते आतल्या रेसवर दाबून. एवढ्या एका नियमात, त्या जीपच्या ड्रायव्हरांनी मला अडवून जे सांगितले होते, ते सर्व आले. अंगात बळ असणे हा गुण आहे खरा, पण ते कोणत्या वाटेने जाणार हे ठरवल्यावाचून वापरलेले बळ नाहक हानी करते, आणि ती हानी तेथल्या तेथे दिसत नाही.

काढलेले बेअरिंग मी रॉकेलमध्ये धुऊन, पिंजरा कापून, उघडून पाहतो. हा पंचनामा मी कधी टाळीत नाही, मग मालक कितीही घाईत असो. रेसच्या तळाशी एकाच बाजूला पोपडे निघाले असतील तर थकव्याने मरण आले. निळसर झाक असेल तर उष्णतेने, म्हणजे ग्रीस संपल्याने किंवा नको तितके भरल्याने. तांबूस ठिपके आणि करडा चिखल असेल तर पाण्याने. गुळाचा व्यापार करणारे एक शेजारी मारुतीच्या मागच्या बाकावर आणि त्यामागे गुळाचे रवे रचून शाहूपुरीच्या बाजारात नेत असत. त्यांची बेअरिंगे वारंवार जात आणि ते दोष बेअरिंगांनाच देत. आर्विड पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकाच्या अभ्यासातून सिद्ध झालेला नियम असा आहे की, बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य अर्धे होत नाही, ते सुमारे एक-अष्टमांश होते. उघडलेली रेस त्यांच्या हातात देऊन मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ ती फिरवून पाहत राहिले. पुढे त्यांनी मालासाठी टेम्पो ठरवला.

ज्या स्वीडिश कारखान्याचा लौकिक या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याची एक शाखा आपल्या चिंचवडला आहे, त्याचा मूळ पुरुष स्वेन विंगक्विस्ट हा गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत यंत्रांची देखभाल करणारा अभियंता होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, त्याबरोबर छताखालचे लांब शाफ्ट वाकडे होत, आणि बेअरिंगे एकामागून एक निकामी होत. रोजच्या त्या तगाद्यातून त्याने स्वतःला जुळवून घेणारे बॉल बेअरिंग शोधले आणि 1907 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली. तिरप्या रोलरांचे बेअरिंग काढणारा हेन्री टिमकेन हाही घोडागाड्या बांधणारा कारागीर होता. त्याचे पेटंट 1898 सालचे. रोज बिघडणाऱ्या वस्तूशी ज्यांचा व्यवहार होता, त्यांनी हे शोध लावले, याचे मला फार समाधान वाटते, आणि अंगणात काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

2019 च्या ऑगस्टमधील महापुराने माझ्या या विद्येची जितकी परीक्षा घेतली, तितकी दुसऱ्या कशानेही घेतली नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वर्षी नदी ती ओलांडून फार वर गेली, शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिने सोडवून घेतली, गाद्या वाळवल्या, विजेच्या तारा बदलल्या. चाकांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण ती फिरत होती. दिवाळीनंतर गाड्या घोंगावू लागल्या. सील हे फिरत्या चाकावरचे पाण्याचे शिंतोडे अडवण्यासाठी असते, दिवसेंदिवस पाण्याखाली उभे राहण्यासाठी नव्हे. शिरलेले पाणी ग्रीसमध्ये मिसळते, आणि छर्रा व रेस यांच्यामधला तेलाचा जो अतिसूक्ष्म पडदा सारा भार तोलून धरतो, तो तुटतो. ते ग्रीस पाहून मला गगनबावड्याच्या ओढ्यांची आठवण झाली. ज्यांचे घरच पाण्यात गेले होते, अशा कुटुंबांना मोटारीचा हा नवा खर्च सांगताना जड वाटे. म्हणून ज्यांची इच्छा असे, त्यांच्याकडून मी फक्त सामानाचे पैसे घेई. 2021 मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा पाण्यातून निघालेल्या गाड्यांची बेअरिंगे आवाजाची वाट न पाहता उघडावीत, असे मी ओळखीच्या सर्वांना आधीच सांगून ठेवले.

आता एका वादाविषयी. बेअरिंग पुष्कळ काळ खराब अवस्थेत चालवले, की ते जाम होते आणि त्याची बाहेरची रेसच ड्रमच्या घरात फिरू लागते. घर घासून मोठे होते. नवे बेअरिंग हाताने ढकलले तरी आत जाते. अशा वेळी घराच्या भिंतीवर छन्नीने टिपके मारून ते 'घट्ट' करण्याची, किंवा पत्र्याची पट्टी घालून पोकळी भरण्याची चाल सर्रास आहे. टिपक्यांच्या टोकांवर बसलेले बेअरिंग थोड्याच दिवसांत ती टोके चेपून पुन्हा सैल होते. चाक हे माणसांचे प्राण वाहून नेते. असा ड्रम बदललाच पाहिजे, आणि मालकाची तयारी नसेल तर मी ते काम हाती घेत नाही. या अटीमुळे काही मंडळी रागावून गेली. त्यातली काही परतही आली. माझी अट तीच राहिली.

नवे बेअरिंग घेताना आकडा वाचावा. 6205 असा आकडा असेल तर शेवटच्या 05 ला पाचाने गुणावे. 25 मिलिमीटर हा आतल्या भोकाचा व्यास. बाजारात नामांकित छापाच्या नकला उघड विकल्या जातात, म्हणून पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच ते घ्यावे आणि वेष्टण बसवण्याच्या क्षणापर्यंत फोडू नये. मी ते त्याच वेष्टणात, वर आणखी एक पिशवी बांधून, रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवतो, आणि सकाळी ड्रम गरम पाण्यात बुडवून पुसून कोरडा करतो. दोहोंत सुमारे ऐंशी अंशांचा फरक पडला, तर एवढ्या आकाराच्या बेअरिंगला मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी सवलत मिळते. ही सवलत क्षुल्लक वाटते. पण जे बेअरिंग एरवी घणाखाली गेले असते, ते जुन्या रेसचा ठसा वर ठेवून दिलेल्या मोजक्या ठोक्यांनी सरळ तळाशी जाते. तळ गाठताच ठोक्याचा आवाज बदलतो. पोकळ होता तो भरीव होतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक ठोका अनावश्यक असतो. मग स्पेसर. तो विसरला तर नट आवळताच दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंगे काही दिवसांतच संपतात. दुसरे बेअरिंग त्याची आतली रेस स्पेसरला टेकेपर्यंतच न्यावे, पुढे नाही. ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पुरे. सील नवे, त्याच्या ओठाला ग्रीसचे बोट. नट टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत. आणि पिनेचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावे, मागे सैल करून नव्हे. जीपच्या नटाचा न्याय येथे लावू नये: तेथे नटच बेअरिंगची ढिलाई ठरवतो, येथे ती जबाबदारी स्पेसरकडे असते. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही मागच्या ड्रमच्या मध्यावर तळहाताची उलटी बाजू जवळ नेऊन पाहावी. नव्या बाजूची ऊब जुन्या बाजूहून फारशी वेगळी नसावी.

पुढच्या चाकाचे काम मी अंगणात पूर्ण करीत नाही. तेथे बेअरिंगे चाकाला आधार देणाऱ्या लोखंडी सांध्यात, म्हणजे नकलमध्ये, बसलेली असतात, हब त्यांतून आरपार गेलेला असतो, आणि हब ओढताना जुनी आतली रेस अनेकदा त्याच्यावरच अडकून बाहेर येते. मी नकल सोडवतो, धुतो, आणि पिशवीत घालून उद्यमनगरात प्रेसवर नेतो. तेथला प्रेस चालवणारा कारागीर वयाने माझ्या मुलाएवढा आहे. रेसला नेमका बसेल असा ठसा तो आपल्या फळीवरून निवडतो, दाबाच्या काट्यावर नजर ठेवतो, आणि काटा अकस्मात चढला की ताबडतोब थांबून सारे पुन्हा तपासतो. त्याचा मला फार भरवसा वाटतो.

अलीकडच्या गाड्यांत हब आणि बेअरिंग मिळून एकच बंदिस्त घटक येतो, किंवा बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय कडे असते, जे चाकाचा वेग एबीएसच्या सेन्सरला कळवते. ती बाजू डोळ्यांना ओळखू येत नाही. कागदाची टाचणी जवळ नेली तर ती ज्या बाजूला चिकटेल ती सेन्सरकडे ठेवायची, नाहीतर गाडी चालते पण एबीएसचा दिवा विझत नाही. माझ्या पुतण्याची अशी एक गाडी सध्या अंगणात उभी आहे. तिच्या उजव्या पुढच्या चाकाची चौकशी पुरी झाली असून बेअरिंगही आणून ठेवले आहे. परंतु या गाडीचा नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो, आणि नवा नट यायचा असल्यामुळे काम तूर्त तहकूब ठेवले आहे.